कार्टमध्ये टाकून गिऱ्हाईक जातं कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते. बारा वर्षं कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला असा माल घरून विकते. आठवडी बाजार, मुंबईच्या ओळखी आणि गणपतीला येणारे चाकरमानी, एवढ्यावर चाललं होतं. गेल्या वर्षी भाच्याने वेबसाइट काढून दिली. लोक येतात, बघतात, कार्टमध्ये वस्तू टाकतात आणि पैसे भरायची वेळ आली की गायब होतात. गेल्या महिन्यात १४० जणांनी कार्ट भरलं, पैसे भरले ३८ जणांनी. माझ्या मालात खोट नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मग ही १०२ माणसं गेली कुठे? भाचा म्हणतो, भाव उतरव. उतरवू का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, भाव उतरवू नका. आगळाचा भाव जड गेला असता तर त्यांनी बाटली कार्टमध्ये टाकलीच नसती. भाव पहिल्याच पानावर फोटोखाली लिहिलेला आहे. म्हणजे माणूस भाव मान्य करून आत आला आणि पुढे काहीतरी आडवं आलं म्हणून परत फिरला. काय आडवं आलं, तेवढंच शोधायचं आहे.

आधी तुमच्या आकड्याबद्दल, कारण पत्रातून तुमची धास्ती जाणवते. १४० पैकी १०२ म्हणजे शंभरात त्र्याहत्तर. कोपनहेगनच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने या विषयावरच्या अनेक अभ्यासांची सरासरी काढली आहे. ती सत्तर टक्क्यांच्या आसपास येते. हाताशी शेकडो इंजिनिअर असलेल्या दुकानांतूनही दहातले सात जण पैसे न भरता जातात. तेव्हा तुमचं दुकान पडलेलं नाही. या सातांतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी घ्यायचंच नसतं. कार्ट ही त्यांची यादी असते, किराणा आणायला जाण्याआधी आपण कागदावर करतो तशी. महिन्याच्या पंचविशीला भरलेली कार्टं पगार झाला की एक-दोन तारखेला पैसे भरून मोकळी होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पाहिलं आहे म्हणजे कसं, तेही सांगते. पुण्यात तीन वर्षं मी कपड्यांच्या एका वेबसाइटच्या ऑफिसात हेच काम केलं. सकाळी दहाला यादी यायची : काल कोण कार्ट सोडून गेलं, नंबर काय, आत काय टाकलं होतं. फोन लावायचा आणि विचारायचं, का नाही घेतलंत? दिवसाला साठ-सत्तर फोन. समोर एक फॉर्म असायचा आणि त्यात तीनच रकाने : ‘भाव जास्त’, ‘रस नाही’, ‘इतर’.

परभणीच्या एका बाई सलग तीन दिवस यादीत आल्या. त्याच दोन साड्या, वेळ दुपारी दोन-सव्वादोनची. कार्डाचा नंबर भरलेला, पत्ता भरलेला आणि ओटीपीच्या पानावरून परत. मी फोन केला तेव्हा त्या आधी घाबरल्या, त्यांना वाटलं काही चुकलं. मग म्हणाल्या, “अहो, ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर येतो. हे दुकानात असतात, गिऱ्हाईक सोडून फोन बघत नाहीत. संध्याकाळी घरी येतात तोवर तुमचं ते पान बंद पडतं. परत सगळं पहिल्यापासून. काल तर साड्यासुद्धा गेल्या होत्या त्यातून.” आमची वेबसाइट अर्ध्या तासाने कार्ट रिकामं करायची. बाईंनी घरकाम आवरून, कार्ड मिळवून, सोळा आकडे तपासून तपासून भरले होते, तेही तीनदा. मी फॉर्मवर ‘इतर’ला टिक केली, खाली पेनाने चार ओळी लिहिल्या आणि वर पाठवल्या. मी नोकरी सोडेपर्यंत कार्ट अर्ध्या तासानेच रिकामं होत होतं.

ऑनलाइन कार्ड वापरताना जास्तीची पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे चोरलेल्या कार्डाचा नंबर नुसता टाकून खरेदी करणं अवघड झालं. पण आपल्याकडे किती घरांत खातं एकाचं, मोबाइल दुसऱ्याचा आणि खरेदी तिसऱ्याची असते! अशा गिऱ्हाइकाला फक्त वेळ हवा असतो. म्हणून पहिलं काम हे : भाच्याला सांगून तुमच्या दुकानात कार्ट निदान आठवडाभर जसंच्या तसं राहील असं करून घ्या.

आता तुमच्या दुकानाबद्दल. पत्रात पत्ता होता, म्हणून मी माझ्या मोबाइलवरून खरोखर ऑर्डर दिली. आगळाची एक लिटरची बाटली २३० रुपये, आंबापोळीची दोन पाकिटं ३०० रुपये. एकूण ५३०. ‘खरेदी करा’ दाबलं, तर आधी खातं उघडा म्हणून पान आलं. ईमेल, पासवर्ड, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा. ताई, मला आगळ हवं होतं. गणपतीत तुमच्या अंगणात येणाऱ्या माणसाला तुम्ही आधी वहीत नाव लिहायला लावता का? नाव, मोबाइल नंबर, पत्ता, पिनकोड, बस. खातं ज्याला उघडायचं तो ऑर्डर झाल्यावर उघडेल.

त्यानंतर पत्ता. ‘जवळची खूण’ भरल्याशिवाय पान पुढे जाईना. दुसरा मोबाइल नंबरही सक्तीचा. राज्याच्या यादीत अंदमानपासून सरकत सरकत महाराष्ट्र गाठायचा. पिनकोड टाकला की जिल्हा आणि राज्य आपोआप भरून येईल अशी सोय बहुतेक तयार प्लॅटफॉर्मवर असते, ती चालू करून घ्या.

हे सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर दिसलं : कुरिअर १४८, पॅकिंग ३०. एकूण ७०८.

तुमचे बरेचसे लोक इथेच गेले असणार. ५३० वर १७८ म्हणजे तिसरा हिस्सा वर चढला, तोही शेवटच्या पायरीवर. बेमार्डने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं हेच विचारलं आहे. नुसते बघायला आलेले बाजूला काढले की पहिल्या क्रमांकाचं कारण दरवेळी हेच येतं : वरून लागलेला खर्च. माझ्या फोनवरही तेच यायचं, फक्त शब्द वेगळे. “महाग आहे” असं फार कमी जण म्हणत. “आधी सांगायचं ना” असं म्हणत. सोलापूरचे एक गृहस्थ चाळीस रुपयांसाठी अठराशेची खरेदी सोडून गेले होते. मला म्हणाले, “चाळीस रुपयांचं काही नाही हो. पण म्हटलं, आत्ता चाळीस निघाले, पुढच्या पानावर अजून काय निघेल?”

तेव्हा १७८ चं काय करायचं? तुमचं पार्सल आलं तेव्हा मी टेप घेऊन खोकं मोजलं. लांबी ३०, रुंदी २५, उंची २० सेंटिमीटर. काट्यावर वजन दोन किलोच्या आत. कुरिअरवाले मात्र खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार भागिले ५०००, असा साधारण हिशेब. तुमच्या खोक्याचं ते तीन किलो येतं. म्हणजे एक किलो वर्तमानपत्राच्या बोळ्यांचं भाडं तुम्ही दर पार्सलला भरताय आणि गिऱ्हाइकाकडून घेताय. तोच माल २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात बसतो, मी बसवून पाहिला. बाटली आडवी करावी लागली, पण तुमचं सील घट्ट आहे, थेंब सांडला नाही. त्या खोक्याचं आकाराचं वजन दीड किलो, म्हणजे पैसे खऱ्या वजनाचे, दोन किलोच्या टप्प्याचे लागतील. या मापाची खोकी एकगठ्ठा घ्या आणि कुरिअरवाल्याशी नव्या वजनावर दर बोला.

मग पॅकिंगचे ३० रुपये काढूनच टाका आणि हाच जोड ‘आगळ आणि दोन आंबापोळी, घरपोच’ असा एकाच आकड्यात विका. कुरिअर ११० ला पडलं तर ६४०. पहिल्या पानावर, फोटोखाली ६४०. ५३० बघून ७०८ ला पोचलेला माणूस चिडतो. पहिल्यापासून ६४० बघितलेला माणूस विचार करतो आणि घेतो किंवा नाही घेत, पण फसलो असं त्याला वाटत नाही. सुटी वस्तू घेणाऱ्यासाठी वस्तूच्याच पानावर पिनकोडचा चौकोन ठेवा : पिनकोड टाका, पोचवायचा खर्च आणि दिवस दिसतील. कुरिअर जातच नाही अशी गावं अजून आहेत, आणि ते पत्ता भरून झाल्यावर कळणं फार जिवाला लागतं. अशा गावांना पीठ-मसाल्याची सुकी पाकिटं स्पीड पोस्टाने पाठवा. देशात टपालाची दीड लाखाहून जास्त कार्यालयं आहेत, पोस्टमन तिथे पोचतोच.

पैसे भरण्याचं पान. तुमच्याकडे सगळ्यात वर कार्ड, मग नेटबँकिंग आणि खाली ‘इतर’ उघडल्यावर यूपीआय. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आज भाजीवाल्या मावशींच्या पाटीला क्यूआर लावलेला असतो. तुमच्या पानावर ते पहिलं हवं, आणि बोट लावलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधलं ॲप थेट उघडायला हवं. मला तुमच्या पानाने क्यूआर दाखवला. मोबाइलवर खरेदी करणाऱ्याने मोबाइलच्याच पडद्यावरचा क्यूआर कशाने स्कॅन करायचा? मी घरात दुसरा फोन शोधला. सगळ्यांकडे तो नसतो.

दारात पैसे घेण्याचं तुम्ही बंद केलंय, त्याचं कारण मला कळतं. आपल्या देशात ती पद्धत फ्लिपकार्टने २०१० मध्ये आणली आणि लोकांची भीती त्यामुळेच मोडली. पण पार्सल परत आलं, म्हणजे कुरिअरच्या भाषेत आरटीओ झालं, की जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या माथी, आणि दहा दिवस उन्हात फिरलेली आंबापोळी तुम्ही पुन्हा विकणार नाही. म्हणून मधला मार्ग : शंभर रुपये आगाऊ, बाकीचे दारात. शंभर भरलेला माणूस सहसा दार लावून घेत नाही, आणि ज्याने तुमचं नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्याची जोखीमही शंभरावर येते.

विश्वासाचं आणखी एक. तुमच्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक छापलेला आहे, वेबसाइटवर कुठेच नाही. तो घाला. गावाचा पत्ता घाला, व्हॉट्सॲप नंबर घाला. आणि ते परडीतल्या चकाकत्या फळांचे विकतचे फोटो काढून टाका. तुमच्या अंगणात उन्हात वाळत घातलेल्या कोकमांचा, तुमच्याच मोबाइलने काढलेला फोटो लावा. परक्या माणसाला पैसे पाठवताना लोक शोधत असतात तो पलीकडचा माणूस.

इतकं करूनही लोक जातीलच. त्यांना संध्याकाळी सात-साडेसातला, घरचा ओटीपीवाला माणूस परत आल्यावर, एक निरोप पाठवा. एकच. “नमस्कार, कुडाळहून लिहितेय. काल तुम्ही आगळ निवडलं होतं, पण ऑर्डर पूर्ण झालेली दिसत नाही. पैसे भरताना काही अडलं का? इथेच लिहा, मी बघते.” कूपन देऊ नका. आमच्या ऑफिसात कार्ट सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दहा टक्के सूट जायची. सहा महिन्यांत नेहमीची गिऱ्हाइकं मुद्दाम कार्ट सोडून सवलतीची वाट बघू लागली, आणि जी साधी माणसं तिथल्या तिथे पूर्ण पैसे भरत होती त्यांना काहीच मिळत नव्हतं. मला ते फार अन्यायाचं वाटायचं, अजून वाटतं.

हे सगळं एका दिवसात नको. आधी खोकं आणि घरपोच किंमत, मग खात्याची सक्ती काढणं. महिनाभराने आकडे कळवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एका मोठ्या वेबसाइटवर मिक्सर घेत होतो. शेवटच्या पानावर पाहिलं तर मी न मागितलेला १९९ रुपयांचा विमा आणि १० रुपयांची देणगी कार्टमध्ये आलेली. काढायला गेलो तर बटण सापडेना. मिक्सर न घेताच बाहेर पडलो. हे कायद्यात बसतं का?
– नाशिकहून एक वाचक

उत्तर : काका, बसत नाही, आणि बाहेर पडलात हे उत्तम केलंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अशा तेरा क्लृप्त्यांची यादी आहे. त्यांना एकत्र डार्क पॅटर्न म्हणतात. तुम्हाला न विचारता कार्टमध्ये वस्तू, सेवा किंवा देणगी घुसवणं ही त्यातली एक, बास्केट स्नीकिंग. खरी किंमत शेवटपर्यंत दाबून ठेवून थोडी थोडी उघड करणं ही दुसरी, ड्रिप प्रायसिंग. मात्र फुकट दिलेला नमुना किंवा खरेदीच्या वेळी सांगितलेला पोचवण्याचा खर्च बास्केट स्नीकिंगमध्ये धरत नाहीत. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही तुमची संमती होत नाही.

पुढच्या वेळी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची, असा नियम आहे. नाहीच दाद लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दहा रुपयांसाठी कशाला, असं मनात आणू नका. ते दहा रुपये लाखो लोकांच्या कार्टमध्ये एकाच वेळी घातलेले असतात.

प्रश्न : ताई, हॉस्टेलवर राहते. पुस्तकं मागवताना यूपीआयने ८६० रुपये कापले गेले, पान फिरत राहिलं आणि ऑर्डर झालीच नाही. दुकान म्हणतं, आमच्याकडे कार्ट अर्धवट सोडल्याची नोंद आहे. पुन्हा भरू का?
– लातूरहून एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, लगेच भरू नकोस. पैसे खात्यातून गेले आणि दुकानाला पावतीचा निरोपच पोचला नाही, असं नेटवर्क मध्येच तुटलं की होतं. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम यासाठीच आहे : व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप तुझ्या खात्यात परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही तू न मागता द्यायची असते. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघड, बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून घे आणि तिथेच तक्रार नोंदव. बँकेचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नकोस. तिथे ठगांनी पेरलेले नंबर असतात. कार्डामागचा किंवा पासबुकावरचा नंबर वापर. पुस्तकं परीक्षेआधी हवीच असतील तर दुकानाला तो बारा आकडी क्रमांक पाठव. गेटवेच्या, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीच्या, खात्यात पैसे आलेले दिसले तर ते तिथल्या तिथे ऑर्डर लावून देऊ शकतात.

कुडाळच्या ताईंनी हे पत्र जरूर वाचावं. तुमच्या त्या १०२ मध्ये या मुलीसारखं कोणी असू शकतं, ज्याने पैसे भरलेत आणि जो आगळाची वाट बघतोय. आज रात्री गेटवेचं खातं उघडून महिन्याचे सगळे व्यवहार ऑर्डरींशी एकेक करून ताडून बघा.